सही मागे घेतल्याची पोच

त्या दिवशीचं मुंबईचं विमान खराब हवामानामुळे रद्द झालं, असं तुम्ही विमान कंपनीच्या नावाने छापून आणलंत. ते खोटं आहे. डिसेंबर महिना होता, आभाळात बोटभर ढग नव्हता, आणि आचऱ्याच्या खाडीवर इतकं लख्ख ऊन होतं की पलीकडच्या काठावर कोण जाळं विणतंय ते अलीकडून ओळखता येत होतं. विमान हवामानाने थांबवलं नाही. शर्मिष्ठा मेस्त्रीने थांबवलं. गेटच्या बाहेर उभं राहून, वहीतून फाडलेल्या एका कागदावर. तुम्हाला हे ठाऊक आहे, कारण त्या कागदाची प्रत तुमच्या कार्यालयात पोचलेली आहे. तुम्ही ती वाचलीत आणि तरीही हवामानाचं नाव पुढे केलंत. मग हवामानाला काही नोटीस पाठवता येत नाही, म्हणून शर्मिष्ठाला पाठवलीत.

तर जे झालं ते असं.

शर्मिष्ठा मालवणजवळच्या आचऱ्याची, वय छत्तीस. बाप सत्यवान मेस्त्री, चाळीस वर्षं मच्छीमारांच्या ट्रॉलरची इंजिनं उघडण्यात आणि बसवण्यात घालवलेला माणूस. मुलगी मुंबईला विमानांच्या हँगरमध्ये लागली. तिचं काम एकच, विमानाच्या अंगावरच्या चिरा शोधणं. नातेवाईक विचारत, म्हणजे तू इंजिनियर का? ती म्हणायची, नाही, मी फक्त बघते. बघण्याचा पगार मिळतो हे ऐकून आत्या हसायची.

पण ते बघणं साधं नव्हे. विमानाचं वय कॅलेंडरवर मोजून भागत नाही, ते किती वेळा उतरलं तेही मोजावं लागतं. चाकं धावपट्टीला टेकली की सगळा भार ठराविक जागी येतो. विमान उडालं की तो निघून जातो. हजारो वेळा असं झालं की धातू थकतो. थकतो म्हणजे वाकत नाही, कुरकुरत नाही, वरून काही कळू देत नाही. कुठेतरी बोल्टच्या भोकाजवळ केसाहून बारीक चीर पडते आणि दर उतरण्याला कणाकणाने पुढे सरकते. ती कुठल्या दिवशी एकदम धावत सुटेल हे कोणाच्या बापाला सांगता येत नाही. म्हणून ठरलेल्या उतरण्या भरल्या की तपासणी सक्तीची. ती झाल्याशिवाय विमानाने उडायचं नाही. तिथे ओळख चालत नाही, घाई चालत नाही, आणि मागच्या वेळी काही निघालं नव्हतं हे कारण तर मुळीच चालत नाही.

सक्तीचा नियम म्हणजे काय हे आचऱ्याच्या माणसाला शिकवावं लागत नाही. तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल होतो आणि अख्खं गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर जातं. माणसं जातात, गुरं जातात, कोंबड्या टोपल्यांत घालून नेतात, कुत्र्यांना दोरी लावून नेतात. याला गावपळण म्हणतात. वेशीबाहेर झावळ्यांच्या झोपड्या उभ्या राहतात, तिथेच चुली, तिथेच भजन, तिथेच पत्त्यांचे डाव. आत गावात चिटपाखरू नसतं. सरपंच असो की डॉक्टर, माझ्या घरी रंगाचं काम चालू आहे, मी उद्या निघतो, असं म्हणणारा अजून जन्माला आलेला नाही. काय होईल गेलं नाही तर? कोणाला माहीत नाही. माहीत करून घ्यायला कोणी थांबलेलंही नाही.

शर्मिष्ठा त्यासाठीच रजा घेऊन आली होती. गाव सोडायच्या आदल्या संध्याकाळी मुंबईहून तिच्या साहेबांचा फोन आला. जिल्ह्याच्या विमानतळावर एक विमान अडकून पडलं होतं. चाकाचा एक भाग बदलायचा होता, तो परवा येणार होता. आणि तिथल्या शेवटच्या उतरण्याला त्या विमानाच्या ठरलेल्या उतरण्याही भरल्या होत्या, म्हणून चाकांचा भार घेणाऱ्या अल्युमिनियमच्या ब्रॅकेटची तपासणी लागू झाली. तुम्ही तिकडेच आहात ना, मग सकाळी जाऊन उरकून टाका, असं साहेबांनी सांगितलं. सामानाची पेटी तिथे होतीच.

ती सकाळी गेली. दुपारी देवळात ढोल वाजले की गाव सोडायचं होतं, त्याआधी परत यायचं होतं. घरी दोन म्हशी, सात कोंबड्या, आईचे गुडघे आणि बापाचं एक जुनं इंजिन जे तो बरोबर घेऊन जायचं म्हणत होता. डोक्यात हे सगळं. विमानाखाली जाऊन बॅटरी मारली तर ब्रॅकेट आरशासारखं चकचकीत. तिथला मेकॅनिक सुदेश, तिच्याच वाडीतला, पंचेचाळीसच्या घरातला, बाजूला उभा. बरां साफ ठेवलंस रे दादा, असं ती त्याला म्हणाली. सुदेश खूश झाला.

तिने लाल रंग मारला. हा रंग चिरेत शिरतो. वीस मिनिटं थांबायचं, वरचा रंग पुसून काढायचा, मग पांढरी पूड फवारायची. चीर असेल तर आत शिरलेला रंग पुडीवर उमटतो, पांढऱ्यावर लाल रेघ. ती दहा मिनिटं बसून राहिली. रेघ उमटली नाही. तिने रिपोर्टवर लिहिलं, चीर आढळली नाही. सही केली, अकरा वाजून दहा मिनिटं. स्कूटरला किक मारली आणि ढोल वाजायच्या आत घरी. कामाची बॅग खुंटीला अडकवली, म्हशी सोडल्या आणि दाराला कडी घालून सगळे निघाले.

चूक इथे झाली. ती तिची होती, आणि तिने ती कधी लपवली नाही. एवढं चकचकीत कसं झालं, हा प्रश्न विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं. एरवी तिने विचारला असता. त्या दिवशी तिच्या कानात ढोल वाजत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी वेशीबाहेर, चिंदर गावाच्या बाजूला, झोपडीसमोर सगळे जेवायला बसले होते. शेजारची झोपडी सुदेशची, तो आपलं ताट घेऊन यांच्याकडे आला. सत्यवान चुलीला झावळीचा तुकडा सरकवत होता. बांगडे तव्यावर होते. पंगतीत नेहमीच्या गप्पा चाललेल्या, कोणाच्या झोपडीत रात्री कुत्रं शिरलं, कोणाची सून मोबाइल चार्ज करायला कट्टा गावापर्यंत जाऊन आली. सुदेशने भाकरी मोडता मोडता बोटं पुढे केली.

"बघ गो शर्मिष्ठा. साबण लावून लावून कातडी गेली, पन नखातलो काळो काय जाणा नाय."

कसला काळा, तिने विचारलं.

"कसलो म्हणजे? तुझ्या ब्रॅकेटाचो. तू येवच्या आदी दोन तास पॉलिश पेपरान घासलंय. आरसो केलंय, आरसो. म्हटलंय, आपल्या वाडीतला चेडू तपासूक येता, मागसून बोलूक नको की सुदेशान घाण ठेवली."

शर्मिष्ठाच्या हातातला घास हातातच राहिला. पण पहिला बोलला तो सत्यवान. त्याने चुलीकडची मानही वळवली नाही.

"रंग लावच्या आदी घासलंस?"

सुदेश म्हणाला, होय.

"माझ्या हाताखाली दोन वर्सां काढलंस मेल्या. शाफ्टाची चीर बघूची आसली तर काय करतत?"

"रॉकेल लावतत. पुसतत. वरसून चुनो मारतत."

"आनी घासतत कधी?"

 बांगडा जळायला लागला तरी कोणी उलटेना.

सत्यवानाने बोटीच्या शाफ्टसाठी आयुष्यभर हेच केलं होतं. रॉकेल चिरेत उतरतं, वरून पुसलं तरी आतलं राहतं, चुना मारला की ओली रेघ वर येते. लाल रंग आणि पांढरी पूड म्हणजे तेच, फक्त डब्यावर कंपनीचं नाव. आणि त्यात पहिली अट अशी की आधी घासायचं नाही. अल्युमिनियम मऊ धातू. पॉलिश पेपर फिरवला की वरचा पातळ थर ओढला जातो आणि चिरेच्या तोंडावर साय धरावी तसा बसतो. चीर आत तशीच, तोंड मात्र बंद. मग त्यावर रंगाचं पिंप ओता, आत थेंब जाणार नाही. पांढरी पूड पांढरीच राहणार.

म्हणजे शर्मिष्ठाने बघितलं होतं, पण तिला काही दिसणं शक्यच नव्हतं. आणि तिने सही केली होती.

 सुदेश परत परत एकच सांगत होता की हे त्याने मनाने केलेलं नाही, वर्कशॉपच्या खोलीत भिंतीवर कागद लावलाय, त्यात लिवलेला तसां केलंय. तपासणीच्या आधी भाग घासून चकचकीत करून ठेवावा, असं छापील लिहिलेलं आहे, खाली शिक्का आहे. शर्मिष्ठाने त्याला थांबवलं. कागदाचं नंतर. विमान कधी आहे?

तीन चाळीसला. चाकाचा भाग सकाळी आला होता, बसवूनही झाला होता. घड्याळात बाराला पाच कमी होते.

तिने मुंबईला साहेबांना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं, आणि मग ज्या आवाजात बँकेतला माणूस तुमचा फॉर्म चुकीचा आहे म्हणून सांगतो त्या आवाजात समजावलं. रिपोर्ट स्वीकारला गेला आहे. वर पाठवला गेला आहे. आता तो बदलायचा तर नवीन निष्कर्ष हवा.

"मॅडम, तुमच्याकडे चीर आहे का? असेल तर दाखवा. नसेल तर रजा एन्जॉय करा."

"चीर आहे असं मी म्हणतच नाहीये, सर. चीर नाही असं मी लिहून दिलंय, ते मला लिहिता येत नाही, एवढंच म्हणतेय."

"सही केलीत तेव्हा येत होतं?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे."

साहेब म्हणाले की सोमवारी ऑफिसला आल्यावर बोलू. तोपर्यंत ते विमान सहा वेळा उतरलं असतं. तिने फोन ठेवला आणि उठली. हात धुतले. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की विमानतळाच्या आत जायचा पास कामाच्या बॅगेत आहे, बॅग खुंटीला आहे, खुंटी घरात आहे आणि घर गावात.

घर तिथून वीस मिनिटांच्या अंतरावर होतं. वाट मोकळी, अडवायला कोणी नव्हतं. सुदेश हळूच म्हणाला की मी मागच्या पाणंदीने जातो, कोणाच्या नजरेस पडणार नाही, दोन मिनिटांत बॅग घेऊन येतो. चूक त्याची, तर पापही त्यानेच घ्यावं, असं त्याचं म्हणणं.

शर्मिष्ठाने बापाकडे बघितलं. सत्यवान देवभोळा माणूस नव्हे. देवळात वर्षातून दोनदा जाणारा, फार तर मधे मोटार बिघडली तर तिसऱ्यांदा. तो म्हणाला, "घरात पाय ठेवचो नाय. पास नाय तर नाय. तोंड आसा मां तुका?"

तिला ते पटलं. भीतीने नाही. विमानतळावर जाऊन ती काय सांगणार होती? की नियम म्हणजे नियम, घाई होती म्हणून तो वाकत नाही. आणि ते सांगायला जाताना इथला नियम मागच्या पाणंदीने वाकवून जाणार होती? मग साहेबांत आणि तिच्यात फरक तो काय. तिने शेजारच्या झोपडीतल्या मुलीकडून वही मागून घेतली, मधली दोन पानं काढली आणि सुदेशला म्हणाली, बाईक काढ.

मालवण ओलांडून विमानतळावर पोचायला सव्वा तास लागला. वाटेत सुदेशने तीनदा विचारलं की माझी नोकरी जाणार का. तिने तीनदा सांगितलं की माहीत नाही. खोटं सांगून त्याला धीर देणं तिला जमलं नसतं, आणि त्यालाही ते कळलं असतं.

गेटवर सुरक्षेची बाई होती, आकांक्षा, कालचीच. काल तर तुम्ही आत होता, ती म्हणाली. काल पास होता, शर्मिष्ठा म्हणाली, आज तो बंद घरात आहे. आकांक्षाने मान हलवली, पासाशिवाय सोडता येत नाही. शर्मिष्ठाने वाद घातला नाही. बरोबर आहे तुमचं, सोडू नका, फक्त ड्यूटीवरच्या इंजिनियरला गेटपर्यंत बोलवा. गावपळणीतून उठून आलेली बाई आत सोडा म्हणत नाही, उलट सोडू नका म्हणते, याचं आकांक्षाला इतकं नवल वाटलं की तिने लगेच फोन लावला.

ड्यूटीवर दत्तप्रसाद होता. कणकवलीचा, पस्तिशीचा, हुशार माणूस. विमान उडायच्या आधी ज्याची शेवटची सही लागते तो इंजिनियर. तो आला तो वैतागलेलाच, एका कानाला फोन. तोवर साहेबांनी त्याला मुंबईहून सगळं सांगितलेलं होतं, आणि ते कसं सांगितलं असेल ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

त्याने फोन खिशात टाकला आणि प्रमाण भाषेत सुरुवात केली. प्रवासी आत आलेत. सामान चढलंय. चाक झालंय. तुमचा रिपोर्ट माझ्याकडे आहे, त्यावर तुमचीच सही आहे. कोणाच्या नखात काय दिसलं म्हणून मी विमान थांबवू का? शर्मिष्ठाने सुदेशला पुढे केलं. हात दाखव. सुदेशने हात दाखवले. दत्तप्रसादने ते बघितले. तो इंजिनियर होता, त्याला पुढचं सांगायची गरज नव्हती. पण समजणं वेगळं आणि मान्य करणं वेगळं.

"आणि उद्या चीर नाही निघाली तर?" त्याने विचारलं.

"तर मी मूर्ख ठरेन. ते मला परवडतं."

"तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय, मॅडम."

 गेटच्या खांबावर वहीचं पान ठेवून ती लिहायला लागली. जे लिहिलं ते एवढंच होतं: काल अकरा वाजून दहा मिनिटांनी मी केलेली सही मी मागे घेत आहे. तपासणीपूर्वी भाग पॉलिश पेपरने घासला गेला होता, हे मला आज कळलं. त्यामुळे ती तपासणी झालेली नाही असं समजावं. चीर आहे किंवा नाही, हे मला माहीत नाही. खाली नाव, तारीख, वेळ. मग दुसऱ्या पानावर तेच परत उतरवून काढलं. पहिलं पान त्याच्या हातात दिलं आणि दुसरं पुढे धरलं.

"पोच द्या."

 या एका शब्दाला आपल्याकडे माणूस जेवढा घाबरतो तेवढा पोलिसालाही घाबरत नाही. तहसीलदाराच्या टेबलावर अर्ज टाकून कोणीही जाऊ शकतो, अर्ज हरवतो, पंख्याच्या वाऱ्याने उडतो, आमच्याकडे आलाच नव्हता म्हणतात. पण दुसऱ्या प्रतीवर सही, तारीख आणि वेळ पडली की तो कागद उडत नाही. मिळालं असं लिहून दिल्यावर कळलं नव्हतं असं कोणालाच म्हणता येत नाही. दत्तप्रसादने पोच दिली, तर त्याच क्षणापासून त्याला सगळं माहीत होतं असा अर्थ झाला असता. मग त्या विमानाच्या नोंदपुस्तकात त्याची सही कुठल्या हाताने पडणार?

त्याचा फोन वाजला. मुंबईचाच असणार. त्याने खिशावर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. काचेच्या पलीकडे लोक रांगेत होते. एक बाई मुलाच्या बुटांची नाडी बांधत होती. कोणीतरी काजूच्या डब्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेला. फोन वाजायचा थांबला, परत वाजायला लागला.

मग त्याने तिच्या हातातलं पेन घेतलं. मिळालं, असं लिहिलं. घड्याळ बघून दोन वाजून पंचवीस मिनिटं, असं लिहिलं. सही करताना तो पहिल्यांदाच मालवणीत बोलला.

"तुमी माका फसवलास."

"फसवणारो पोच मागणा नाय," शर्मिष्ठा म्हणाली.

तो वळला आणि आत गेला. तिला तो विमानापर्यंत चालत जाताना दिसला, शिडी चढताना दिसला. विमानाच्या नोंदपुस्तकात त्याने नोंद केली की तपासणी बाकी आहे. एकदा ती नोंद पडली की ती मिटवल्याशिवाय जगातला कुठलाही पायलट ते विमान हलवत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी प्रवासी परत बाहेर यायला लागले. त्यातला कुडाळचा एक जण गेटवर येऊन आकांक्षाला भांडला, मग त्याला कोणीतरी सांगितलं की ही बाई कारण, तसा तिच्यावर घसरला. त्याच्या पुतण्याचा साखरपुडा होता. शर्मिष्ठाने शांतपणे ऐकून घेतलं. त्याने आईबाप काढले तेव्हा सुदेश मधे पडला, पण तिने सुदेशलाच मागे ओढलं.

तुमचं हवामान बिघडलं ते हे.

तिसऱ्या दिवशी गोव्याहून गाडीने कौस्तुभ नावाचा दुसरा तपासनीस आला. त्याने बरोबर तेजाबाची बाटली आणली होती. घासलेल्या जागी ते तेजाब मोजून लावलं की ओढलेला थर खाऊन टाकतं आणि चिरेचं तोंड परत उघडतं. मग धुऊन, सुकवून, लाल रंग, वीस मिनिटं, पांढरी पूड. शर्मिष्ठा तिथे नव्हती, पास नव्हताच. ती झोपडीत होती, आईच्या गुडघ्याला तेल लावत होती. पावणेचारला फोनवर फोटो आला. पांढऱ्या पुडीवर बोल्टच्या भोकापासून निघालेली लाल रेघ, बाजूला मोजपट्टी. अकरा मिलिमीटर. त्या भागाला चीर किती चालते, याचं उत्तर दुरुस्तीच्या पुस्तकात शून्य आहे.

तिने फोन बापाच्या हातात दिला. सत्यवानाने आपल्या करंगळीच्या पेरावर अकरा मिलिमीटर केवढं होतं ते अंदाजाने बघितलं. सुदेशने फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला. कोणाला आनंद झाला नाही. जिंकल्यासारखं तर नाहीच वाटलं.

आणि एक गोष्ट इथे ठासून सांगायला हवी, कारण तुमच्यासारखे लोक ती मुद्दाम विसरतात. चीर निघाली म्हणून शर्मिष्ठा बरोबर ठरली नाही. चीर निघाली नसती तरीही तो कागद तितकाच बरोबर होता. न झालेली तपासणी झाली म्हणून सांगायची नसते, एवढाच त्याचा अर्थ. कौस्तुभचा फोटो आला नसता तर तुम्ही तिला वेडी ठरवून मोकळे झाला असतात, हे वेगळं.

गावपळण संपली, कौल झाला, गाव परत गेलं. बॅग खुंटीलाच होती. आठ दिवसांनी नोटीस आली. तिच्यावर दोन आरोप होते. एक, तपासणीत हयगय करून चुकीचा रिपोर्ट दिला. दोन, वरिष्ठांची परवानगी न घेता विमानाच्या उड्डाणात अडथळा आणला. म्हणजे खोटं लिहिलं तोही गुन्हा, आणि खोटं परत घेतलं तोही गुन्हा. हे ज्या टेबलावर लिहिलं गेलं त्या टेबलावरच्या माणसाने ते पूर्ण वाचून बघितलं होतं का?

तिने उत्तर दिलं. पहिला आरोप मान्य केला, एका ओळीत. ब्रॅकेट चकचकीत दिसलं तेव्हा मी विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही, जी शिक्षा असेल ती द्यावी. दुसऱ्या आरोपावर पोचेची प्रत जोडली आणि लिहिलं की पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच करेन. मग तिने भिंतीवरच्या त्या छापील कागदाबद्दल विचारलं. तुम्ही कळवलंत की असा कोणताही कागद अस्तित्वात नाही.

खरंच नव्हता. वर्कशॉपच्या भिंतीवर आता चार टाचण्यांची भोकं होती. आणि सुदेशचं कंत्राट महिना संपताच संपलं होतं. शर्मिष्ठा त्याला कट्ट्याच्या बाजारात भेटली, एसटी स्टँडसमोर. तो एका ट्रॅक्टरच्या गॅरेजमध्ये लागला होता. तिने काही विचारायच्या आत त्याने मोबाइल काढला. कागद भिंतीवर लावला त्या दिवशी त्याने त्याचा फोटो काढून ठेवला होता, चष्म्याशिवाय वाचता येत नाही म्हणून, मोठा करून बघायला.

तिने विचारलं, तुझं नाव येईल, चालेल?

"माझा काय जावचा ता गेला गो. नाव कशाक लपवू? तू लिही. सुदेशान घासलो, कागद बघून घासलो, असा सगळा लिही."

कागद स्पष्ट वाचता येतो. तपासणीचा वेळ वाचावा म्हणून संबंधित भाग आधीच पॉलिश पेपरने घासून चकचकीत करून ठेवावा. वर क्रमांक. खाली तारीख, गावपळणीच्या सात महिने आधीची. आणि तारखेशेजारी तुमच्या कार्यालयाचा मंजुरीचा शिक्का. त्या सात महिन्यांत याच जातीच्या विमानांच्या याच ब्रॅकेटच्या ज्या तपासण्या ठिकठिकाणी झाल्या, त्यांची यादी शर्मिष्ठाने मागवून घेतली. तिची सोडून एकूण चौदा. चौदाच्या चौदा निर्दोष. सात महिन्यांत एकाही ठिकाणी लाल रेघ उमटलेली नाही. याआधीच्या प्रत्येक वर्षी दोन-तीन ठिकाणी उमटत होती.

तिला पंधरा दिवस घरी बसवलंत, ती बसली. आता ती परत कामावर आहे, रोज विमानाखाली जाते आणि रंगाचा डबा उघडायच्या आधी तिथल्या मेकॅनिकची नखं बघते. पण ती एकटी आहे, आणि विमानं रोज उतरताहेत. फोटो जोडून तिने तुम्हाला तीन पत्रं पाठवली. तिन्हींची पोच तिच्याकडे आहे. चार महिने झाले. आपला अर्ज विचाराधीन आहे, एवढंच तुम्ही कळवता.

विचार कसला करताय? त्या चौदापैकी किती ब्रॅकेट आधी घासली होती, आणि त्यातली किती विमानं आज सकाळी उडाली? आकडा सांगा.